नफूदमधला कातळ

सौदीतल्या हाईल शहराबाहेर आमच्या कफीलची, म्हणजे ज्याच्या व्हिसावर आम्ही आलो त्या मालकाची, शेती होती. शेती म्हटल्यावर आपल्याकडची भाताची खाचरं डोळ्यांसमोर आणू नका. चहूकडे वाळू, आणि त्या वाळूत ठेवलेली हिरवीगार गोल चकती. चकतीच्या मधोमध बोअर. बोअरपासून निघालेला लांबलचक लोखंडी पाइप उंच चाकांवर उभा असायचा. घड्याळाच्या काट्यासारखा तो हळूहळू फिरायचा आणि गव्हावर पाऊस पाडायचा. तेलाचा पैसा आला होता, सरकार गव्हाला म्हणाल तो भाव देत होतं. काल ज्यांच्याकडे उंट होते त्यांच्या दारात आज असले पाइप आले. पाइप आले म्हणून त्यांचे पंप, मोटारी, चाकं सांभाळायला आम्ही आलो.

मी सातवीत शाळा सोडलेला माणूस. आधी गावच्या सड्यावर, कातळाच्या माळावर, गुरं राखली, मग चिपळुणात पंपदुरुस्तीच्या दुकानात हात काळे केले. मुंबईच्या एजंटने मात्र माझ्या कागदांवर 'सीनियर टेक्निशियन' असं ठोकून दिलं. पहिल्याच आठवड्यात कफीलने इंग्रजी मॅन्युअल उघडून माझ्यासमोर धरलं आणि एका ओळीवर बोट ठेवलं. मी त्या बोटाकडे बघत राहिलो. पुस्तकातली चित्रं बघून मी गिअरबॉक्स खोलला, साफ केला, परत बसवला. चाक फिरलंसुद्धा. पण कफील हुशार होता. तो शांतपणे म्हणाला, "तीन महिने. मग बघू. इकामा, नाहीतर तिकीट."

इकामा म्हणजे तिथं राहण्याचा परवाना. तो हातात पडला की माणूस दोन वर्षं निर्धास्त. माझे तीन महिने संपत आले होते आणि कफील त्याविषयी चकार शब्द काढत नव्हता. घरी आईला पत्रात 'सर्व ठीक' लिहायचो.

त्या दिवसांत मला तारलं ते पाखरांनी. खोटं नाही सांगत. पहाटे पंप चालू करायला गेलो की ओल्या गव्हात नुसती झिम्मड उडालेली असायची. चाकांच्या ओल्या चाकोरीतून शेपट्या वरखाली करत धोबी पक्षी पळायचे. अगदी आमच्या गावच्या पऱ्याकाठी, ओढ्याकाठी पळतात तसेच, तेच! पहिल्यांदा दिसले तेव्हा मी पाना हातात घेऊन तसाच उभा राहिलो. थंडीत आमच्या गावी येणारा पाहुणा इथंही उतरतो हे मला ठाऊकच नव्हतं. मग एके दिवशी तुरेवाला हुप्या दिसला. मग तारेवर ओळीने बसलेले हिरवे वेडे राघू, हवेत गिरकी मारून माशी टिपणारे. मी मेसमध्ये येऊन ओरडायचो, "आज वेडे राघू आले!" आणि मेसमधले म्हणायचे, "एक तर इथं आधीच आहे."

असं म्हणण्यात सगळ्यात पुढे आमचे चाचा. चाचा म्हणजे कफीलचे ड्रायव्हर, चिपळूणच्याच बाजूचे, माझ्याहून बरेच मोठे. तिथं राहून राहून त्यांचं अरबी झकास झालं होतं. माझ्यासाठी तेच दुभाषे, तेच मोठे भाऊ, आणि टोमणे मारायलाही तेच.

कफीलचा म्हातारा बाप शेतीवरच राहायचा. सगळे त्याला मागून शायब म्हणत, म्हणजे म्हातारा. तोंडावर मात्र 'अम्मी' म्हणायचं, म्हणजे काका. एवढ्या दाढीवाल्या माणसाला अम्मी म्हणताना सुरुवातीला मला हसू आवरेना. म्हाताऱ्याचा सारा जन्म उंटांमागे गेलेला. मुलाच्या गव्हाशी त्याला काही घेणं नव्हतं. पाइप पाणी उडवत फिरू लागला की तो सतरंजी उलटी वळवायचा आणि त्या पाण्याकडे पाठ करून बसायचा. मेसमध्ये सांगत, की नळ टपकत ठेवला म्हणून त्याने एका माणसाला घरी पाठवला. आणि चाचांनी मला बजावून ठेवलं होतं, "मुलगा विचारतो बापाला. बाप हो म्हणाला तर तुझा इकामा. म्हाताऱ्यासमोर जपून."

म्हाताऱ्याचे थोडे उंट अजून होते, नफूद वाळवंटाच्या लाल वाळूत चरायला सोडलेले. दर जुम्म्याला, नमाज झाली की, पिकअपवर पाण्याची टाकी घालून तो त्यांना पाणी पाजायला जायचा. टाकीवर एक छोटा इंजिनपंप होता, आणि तो पंप भारी लहरी. थंडी सरता सरता एका जुम्म्याला तो चालूच होईना, मी प्लग साफ केला तेव्हा कुठं लागला. चाचा मला म्हणाले, "चल रे गाववाल्या, तूच बस आता. बंद पडला तर तू जाण आणि म्हातारा जाणे."

मी बसलो. पुढे चाचा आणि म्हातारा, मागे टाकीला टेकून मी. भीतीने जीव अर्धा झालेला आणि तरी काय सांगू, मला गाणं म्हणावंसं वाटत होतं! इतक्या महिन्यांत शेतीच्या कुंपणाबाहेर मी पहिल्यांदाच पडत होतो. डांबरी रस्ता संपला आणि लाल वाळू सुरू झाली. आमच्या मातीसारखी लाल, फक्त चाळलेली. थोड्या पावसाने इकडेतिकडे खुरटं हिरवं फुटलं होतं. एका झुडपापासून मातकट रंगाचं एक पाखरू सरळ आकाशात चढलं, शीळ घालत घालत, आणि वर गेल्यावर पंख उलगडून पालथं होत दगडासारखं खाली आलं. जमिनीवर होतं तेव्हा वाळूत वाळू. उडालं तेव्हा पंखांवर काळेपांढरे पट्टे! मी पिकअपच्या टपावर थाप मारली. चाचांनी करकचून ब्रेक लावला.

"काय झालं? पंप पडला?"

"नाही चाचा. पाखरू."

चाचांनी खिडकीतून मान बाहेर काढून माझ्याकडे जे बघितलं ते मी विसरणार नाही. "अरे मेल्या, अम्मीचं डोकं काचेवर आपटलं असतं."

पण म्हातारा हसला. बोट वर करून त्याने त्या पाखराची शीळ हुबेहूब वाजवली.

उंट होते ते ठिकाण खडकाळ डोंगराच्या पायथ्याशी होतं. लाल वाळूत काळपट दगडाचे कडे असे उभे, जसे कुणी आणून ठेवलेत. पंपाने दया केली, दोरीच्या दुसऱ्याच ओढीला चालू झाला. उंटांनी टाकी रिकामी केली. आमच्यासाठी उरला पाण्याचा एक डबा. प्यायलाही तोच आणि रेडिएटर तापला तर त्यात घालायलाही तोच. असरच्या, म्हणजे दुपार कलल्यावरच्या नमाजाची वेळ झाली तेव्हा म्हाताऱ्याने त्या डब्याला हात लावला नाही. पाणी कमी असेल तर वजूला, म्हणजे नमाजाआधी हातपाय-तोंड धुवायला, वाळू चालते म्हणे. त्याने आणि चाचांनी स्वच्छ वाळूवर तळवे टेकले आणि तोंडावरून, हातांवरून फिरवले.

ते नमाज पढत होते तेवढ्यात मी कड्यापाशी गेलो. आणि थिजलो.

कड्यावर चित्रं होती! उंट, त्यांच्यावर भालेवाली माणसं, वळलेल्या शिंगांचे बोकड, कुत्री. काही ठसठशीत, काही इतकी जुनी की दगडाने परत पोटात घेतलेली. नमाज आटोपून चाचा आले तेव्हा मी एका बोकडावर नाक टेकवून उभा होतो.

"अगोदरच्या लोकांनी कोरलंय," चाचा म्हणाले. "गोरे लोक येतात फोटो काढायला. मला काय त्यातलं कळत नाही."

मला मात्र कळत होतं, ओळखीचंच होतं ते! आमच्या गावच्या सड्यावर, उघड्या जांभ्या दगडावर, असंच कोरलेलं आहे. एक मोठा माणूस, मासे, आणि कसली तरी नक्षी. गावात म्हणतात पांडवांनी कोरलं. गुरं राखायला जायचो तेव्हा आम्ही पोरं त्यावरच जेवायला बसायचो. फक्त उन्हाच्या वेळी रेघा दिसायच्या नाहीत, दगड नुसता चमकायचा. म्हणून आमची रीत होती. चित्र बघायचं तर त्यावर कासंडीभर पाणी ओतायचं. वरचा दगड पटकन वाळतो, रेघांत ओल राहते, आणि दगडातून चित्र वर येतं. सड्यावर वाढलेल्या कुणालाही विचारा, कोरलेला कातळ दिसला की त्याचा हात आधी पाण्याकडे जातो.

माझाही गेला. कड्याच्या पायथ्याशी एक मोठी फरशी कोसळून आडवी पडली होती. तिच्यावर काहीतरी आहे एवढं कळत होतं, काय ते कळत नव्हतं. मी पिकअपमधून डबा काढला, झाकण फिरवलं आणि फरशीवर ओतला. थोडा नव्हे. चांगला भडाभडा ओतला. मनाने मी त्या वेळी हाईलला नव्हतोच.

"या अल्ला! काय केलंस हे!"

चाचांचा आवाज ऐकून मी भानावर आलो. डब्यात तळाशी पाणी डुचमळत होतं, एवढंच. चाचांनी डबा माझ्या हातातून हिसकावला. "वेडा आहेस की काय? वाळूने वजू केला आम्ही, आणि तू दगडाला आंघोळ घालतोयस? तुझं तिकीट झालं, समज. खलास."

म्हातारा काठी टेकत येत होता. मी टपकत्या नळाची ती गोष्ट आठवत होतो, आईला पत्रात आता काय लिहायचं ते ठरवत होतो. चाचा अरबीत काहीतरी सारवासारव करू लागले. म्हाताऱ्याने हात वर करून त्यांना गप्प केलं. मला वाटलं आता माझी पाळी.

त्याने ओठांवर बोट ठेवलं आणि फरशीकडे दाखवलं.

कड्यावरून एक पाखरू खाली उतरलं होतं. काळंकुळकुळीत, दयाळाएवढं, डोक्यावर चुन्याचं बोट लावावं तशी पांढरी टोपी. ते टुणकन फरशीवर आलं, आमच्याकडे मान तिरकी करून बघितलं, आणि रेघेत साचलेल्या पाण्यात चोच बुडवली. मान वर. परत चोच बुडवली. मग दुसरं आलं. आमच्या इतक्या जवळ, की पाण्याचा थेंब चोचीवरून घसरताना मला दिसला. आम्ही तिघं मोठे बाप्ये तिथं श्वास धरून उभे! टोपीवाल्याने एका लांब रेघेतलं पाणी संपवलं, उडी मारून दुसऱ्या रेघेवर गेला, आणि तो जसजसा सरकत होता तसतशी माझी नजर त्या रेघांवरून फिरत गेली. एक लांब शिंग. दुसरं शिंग. वशिंड नसलेली सपाट पाठ. लोंबणारं शेपूट.

"गाय!" मी ओरडलो. पाखरं भुर्रकन उडाली. "चाचा, गाय आहे ही! गाय!"

"इथं कुठली गाय? वाळू खाणार काय ती?"

"शिंगं बघा ना! सड बघा!"

चाचा वाकले. कातळ वाळत होता आणि आतून अख्खी गाय काळ्याशार रेघांत वर येत होती, आमच्या गोठ्यातल्या कुठल्याही गाईहून मोठी. चाचांनी म्हाताऱ्याला सांगितलं. तो तर गुडघ्यांवर बसला. आयुष्यभर तो या फरशीवर बसत आला होता, उंट राखताना, सावलीला. तिच्यावर नुसते ओरखडे आहेत असं त्याला वाटायचं. त्याने शिंगावरून बोट फिरवलं. मग तो काहीतरी बोलला आणि चाचा चाट पडून माझ्याकडे बघू लागले.

"काय म्हणाले?"

"इथं पूर्वी तळं होतं असं त्यांचा आजा सांगायचा. हे हसायचे म्हणे आज्याला." चाचांनी घसा खाकरला. "आणि म्हणतात, डबा दे त्याला. राहिलंय तेही ओतू दे."

माझा कानांवर विश्वास बसेना. "आणि रेडिएटर?"

"यल्ला!" म्हातारा म्हणाला. 'चल, आटप!' एवढं मला दुभाष्याशिवाय कळलं.

मी आधी खांद्यावरचा टॉवेल काढला आणि फरशीच्या उताराकडची वाळू झाडली. तिथं आणखी रेघा होत्या. मग उरलेलं पाणी सांडू न देता हळूहळू सोडलं, ओंजळीतून, देवाला घालतात तसं. आम्ही वाट बघत राहिलो. गाईच्या पुढ्यात एक उंच मान वर आली, बारीक डोकं, गोल अंग, दोन लांब पाय.

"बगळा," मी खात्रीने म्हणालो. गाईशेजारी आणखी कोण असणार? आमच्याकडे गाय तिथे बगळा, हे काय कुणाला शिकवावं लागतं?

"गाईएवढा बगळा?" चाचा म्हणाले. "तुमच्या गावात असतील."

म्हातारा आमच्याकडे लक्षच देत नव्हता. तो उभा राहिला. त्याने काठी चाचांकडे दिली. अंगरखा गुडघ्यांपर्यंत वर घेऊन कमरेला खोचला, दोन्ही हात मागे पसरले, मान ताठ पुढे काढली, आणि वाळूतून पळत सुटला! लांब लांब ढेंगा टाकत, ढोपरं उचलत, हात फडफडवत. त्याच्या पायांत असलं काही असेल असं मला कधी वाटलं नव्हतं. गोल चक्कर मारून धापा टाकत तो परत आला आणि दगडातल्या पाखरावर त्याने तळवा ठेवला.

"शहामृग," चाचा हळूच म्हणाले.

मग कळलं ते असं. म्हातारा लहान असताना बापाबरोबर उंटावर बसून इथूनच जात होता. तेव्हा एक शहामृग वाळूच्या टेकाडावरून पळत गेलं. त्याने ते एकदाच पाहिलं, परत कधीच नाही. नंतर बंदुका आल्या, मोटारी आल्या आणि या मुलखातलं शहामृग संपलं. घरात तो ही गोष्ट सांगायचा तेव्हा मुलगा, म्हणजे आमचा कफील, हसून म्हणायचा, "बाबा, तुम्ही ते टीव्हीत बघितलंत."

म्हाताऱ्याचे डोळे ओले झाले होते का, मला माहीत नाही. पण तो हसत होता एवढं नक्की. मीही हसत होतो. चाचा काठी धरून उभे होते आणि म्हणत होते, "दोन वेडे. मधे मी." तेवढ्यात टोपीवाला परत आला, आता थेट शहामृगाच्या पोटावर बसला, आणि उरलंसुरलं पिऊन गेला.

परतताना रेडिएटर तापला, तापणारच होता. वाफ धरली तशी चाचांनी गाडी थांबवली आणि आम्ही ती निवायची वाट बघत बसलो. चाचा मला शिव्या घालत होते, पण त्यांत धार नव्हती. मला मात्र आता परत धास्ती चढू लागली होती. म्हातारा खूश झाला, ठीक आहे. पण मॅन्युअल मला तेव्हाही वाचता येत नव्हतं आणि उद्याही येणार नव्हतं. चित्र दाखवलं म्हणून कुणी पंपावर ठेवतं का?

शेतीवर पोचलो तेव्हा सूर्य मावळायचा होता. कफील फाटकातच उभा होता, उशीर झाला म्हणून वैतागलेला. म्हातारा गाडीतून उतरला आणि त्याने अंगरखा खोचला. मग मुलासमोर, बांगलादेशी माळ्यांसमोर, फिलिपिनो मेकॅनिकसमोर, अख्ख्या अंगणात शहामृग होऊन पळाला. कफील आ वासून बघत राहिला. मग दोघं बोलायला लागले. मी चाचांची बाही ओढत होतो.

"काय बोलतात? चाचा, काय बोलतात?"

"थांब रे! ऐकू तर दे."

मग चाचा एकेक करून सांगू लागले. "बाप म्हणतो, पुढल्या जुम्म्याला तू पण चल, दाखवतो तुला टीव्ही... मुलगा म्हणतो, येतो... बाप म्हणतो, दोन डबे जास्त घ्यायचे, आणि हा पंपवालाच पाहिजे... मुलगा म्हणतो, बाबा, याला मॅन्युअल वाचता येत नाही."

मी चाचांची बाही सोडली. म्हाताऱ्याने माझ्याकडे बघितलं, मग मुलाकडे, आणि खांदे उडवून काहीतरी दोन शब्द टाकले. कफीलला हसू फुटलं.

"काय म्हणाले?"

"म्हणाले, मलाही नाही येत."

कफील माझ्याजवळ आला. शर्टाच्या कॉलरपासून बुटांपर्यंत मला न्याहाळलं. लाल वाळूने मी नखशिखांत माखलेलो होतो. "फोटो आहेत?" त्याने हिंदीत विचारलं.

"कसले फोटो?"

"तुझे. इकाम्याला लागतात."

माझ्याकडे नव्हते. चाचांनी मला दुसऱ्या दिवशी हाईलच्या बाजारात नेलं, स्वतःचा कंगवा दिला, माझी कॉलर सरळ केली. फोटोवाला पाकिस्तानी होता. तो पडद्यामागून सारखा ओरडत होता, "भाई, मुंह बंद करो, यह इकामे का फोटो है, शादी का नहीं." मी तोंड मिटायचो, आणि तो बटणावर बोट नेईस्तोवर ते आपलं परत उघडायचं.